परत ६, हाक १० : बाबांच्या कागदांच्या कामाची वही

४ जानेवारी २०२५

बाबांना जाऊन पाच महिने झाले. आज त्यांचं कपाट उघडलं. दादा, धाकटी आणि मी, आमचं तिघांचं ठरलंय: त्यांच्या डोंगरातल्या दिवसांचं एक पुस्तक करायचं. विकायला नाही, घरापुरतं. सहा प्रती. एक आईची, तीन आमच्या, एक आत्याची आणि एक काकांची. काका म्हणजे बाबांचे दोरावरचे सोबती. नात्याने कोणी नव्हेत, पण आमच्या घरात काका म्हटलं की तेच.

कामाची वही मी ठेवायची. बाबांनी डोंगरातला एक दिवसही नोंदीशिवाय जाऊ दिला नाही. त्यांच्यावरचं काम बिननोंदीचं झालेलं मला चालणार नाही.

कपाटात निघाल्या एकतीस नोंदवह्या, पहिली १९७१ची, शेवटची २०२२ची. स्लाइडचे नऊ ट्रे आणि वर बुटांच्या दोन खोक्यांत सुट्या स्लाइड. चौदा कॅसेट. नकाशांची गुंडाळी. एक दोर, बुटांची जोडी, होकायंत्र. वह्या जवळजवळ सगळ्या शिसपेन्सिलीत आहेत. पावसात शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात असणार. पण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, ते उजेडानेही उडत नाही. त्यामुळे चोपन्न वर्षांपूर्वीचं अक्षर कालच्यासारखं दिसतंय. चुकलेलं त्यांनी कुठेही खोडलेलं नाही. एक आडवी रेघ आणि शेजारी बरोबर आकडा.

आई दारात येऊन उभी राहिली. "पसारा करा, पण क्रम मोडू नका," एवढंच म्हणाली आणि गेली.

१२ जानेवारी

स्लाइडपासून सुरुवात. दादाने स्कॅनर मिळवलाय. ४००० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ४००० ठिपके धरून, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीतून साधारण ५६७० बाय ३७८० ठिपके मिळतात, म्हणजे दोन कोटींच्या वर. १६ बिटची टिफ फाइल प्रत्येकी १२० एमबीच्या पुढे जाते. सगळ्याच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दादाच्या घरी. आग लागली, पाणी शिरलं, तर सगळं एका छताखाली नको.

बऱ्याच स्लाइड कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या आहेत. ओळखायची खूण सोपी: पृष्ठभाग तिरका धरून उजेडात पाहिला की चित्राचा बारीक उठाव दिसतो. स्कॅनरची आपोआप धूळ काढायची सोय इन्फ्रारेडवर चालते आणि कोडाक्रोमवर ती नीट काम करत नाही, कडा खाऊन टाकते. तेव्हा ती बंद केली. प्रत्येक स्लाइड हातपंपाने फुंकायची, मगच आत घालायची. तासाला दहा-बारा होतात. पुठ्ठ्यावर छापलेला महिना आणि साल हे फिल्म धुतल्याचं आहे, फोटो काढल्याचं नव्हे. तारखा लावताना हे विसरायचं नाही.

आता चार नंबरच्या ट्रेबद्दल. सुट्टीत पडद्याऐवजी चादर टांगून बाबा हा ट्रे दाखवायचे. त्यात आईचा खिंडीतला फोटो आहे. पाठीवर झोळीत दादा, अंगात लाल स्वेटर, केस सगळे वाऱ्याने एका बाजूला. तो आला की आम्ही ओरडायचो, "पुन्हा! पुन्हा!" आणि बाबा पुन्हा दाखवायचे, मग थांबून राहायचे. आज तो उजेडावर धरला तर स्वेटर फिका गुलाबी झालाय. आकाश जवळजवळ उरलेलं नाही. त्याच्याच शेजारची, कधीच कुणी मागितली नाही अशी एका ओल्या कातळाची स्लाइड काल काढल्यासारखी ताजी आहे.

कारण वाचलं होतं, आज हातात आलं. कोडाक्रोम १९३५ साली बाजारात आली, २००९ मध्ये ती बनवणं बंद झालं. अंधारात ठेवली तर तिचे रंग कमालीचे टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे ती इतर फिल्मपेक्षा लवकर उडते. म्हणजे आम्ही जे पुन्हा पुन्हा मागितलं तेच सगळ्यात जास्त झिजलं. धाकटी म्हणाली, रंग परत भरू या. दादा म्हणाला, जसं आहे तसं राहू दे. शेवटी ठरलं की मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, रंग सुधारलेली प्रत वेगळी ठेवायची. पुस्तकात कुठली जाईल ते नंतर बघू.

२६ जानेवारी

सहा वह्या वाचून झाल्या. लिहावं की नाही कळत नव्हतं, पण ही वही खरी ठेवायची असेल तर लिहायला हवं. मला वाईट वाटलंय.

नमुना: "४:५० निघालो. सोंडेच्या तळाशी ६:३५. खिंड ९:२०. वारा पश्चिमेचा, जोर कमी. धुकं. उतार ढोरवाटेने. परत १८:४०." दुसरा दिवस, तिसरा दिवस, सगळे असेच. वेळ, चढ, वारा, पाणी कुठे आहे, वाट कुठे मोडली आहे. माणूस एकही नाही. काका नाहीत, आई नाही, आम्ही तर नाहीच.

वर दिलेली नोंद मुद्दाम निवडली आहे. ती १९९१ची, माझ्या दहाव्या वाढदिवसाची. त्या दिवशी बाबा आले नाहीत असं मी चौतीस वर्षं धरून चालले आहे. वही उघडताना मनात होतं की त्यांनी काहीतरी लिहिलं असेल. लिहिलंय: धुकं.

९ फेब्रुवारी

सामान पाहिलं.

बूट उचलले आणि तळवा हातात आला. ओल्या विटेसारखा चुरा होऊन जमिनीवर पडला. बुटांच्या तळव्यातला पॉलीयुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, बूट वापरात नसले तरी. वरचं चामडं अजून धड, बाबांनी चोळलेल्या मेणाने तुकतुकीत. धाकटी इतके दिवस आमच्यापेक्षा खंबीर होती. आज त्या चुऱ्याशेजारी बसली आणि बराच वेळ उठली नाही. आम्ही काम थांबवलं.

दोराचा प्रश्न दादाच्या मुलाचा. तो सतरा वर्षांचा आहे, चढाईला जातो, आणि आजोबांचा दोर मला हवा म्हणत होता. दोर १९९४चा. टोकाच्या पट्टीवर बाबांनीच साल लिहून ठेवलंय. नायलॉनचा दोर एकदाही वापरला नसला तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नका, असं बनवणारेच सांगतात. हा तर तिशी ओलांडलेला, आणि बघायला चांगला. म्हणूनच तो घरात अख्खा ठेवणं धोक्याचं. उद्या कुणीतरी भरवशाने त्याला लटकेल. मी हे कसं सांगावं याचा विचार करत होते. तो स्वतःच म्हणाला, "आजोबांनीच मला नवा घ्यायला लावला असता." मग त्यानेच कात्री घेतली. वीत-वीतभर सहा तुकडे पुस्तकांसाठी ठेवले, बाकीच्याचे कुणालाही बांधता येणार नाही इतके लहान केले.

होकायंत्र उत्तरेच्या जागी दक्षिण दाखवतंय. खणात ते जुन्या रेडिओच्या स्पीकरला टेकून पडलं होतं, त्या चुंबकाने सुईचे ध्रुव उलटे केले. दादाने जोरदार चुंबक फिरवून सरळ केलं.

२२ फेब्रुवारी

आज सविस्तर लिहिते.

दुपारी आई शिवणयंत्राच्या खणातून काहीतरी घेऊन आली आणि टेबलावर ठेवलं. तीन तारा. पूर्वी बिलं खोचायला असायच्या तशा, टोकाला वाकवलेल्या. तिन्ही कागदांनी गच्च. "तुम्ही त्यांच्या वह्या घेऊन बसलात," ती म्हणाली, "अर्ध्या माझ्याकडे आहेत."

त्या चिठ्ठ्या. मला त्या आठवत होत्या, पण आई त्या टाकून देत असेल असं मी गृहीत धरलं होतं. डोंगरात जाणाऱ्याने घरी कुणाजवळ तरी लिहून ठेवायचं असतं: कुठे जातोय, कुठल्या वाटेने, सोबत कोण, परत कधी, आणि आलो नाही तर किती वाजता मदतीला माणसं बोलवायची. हा जगभरचा साधा नियम आहे. बाबांनी तो दोन शब्दांत बसवला होता. "परत" आणि "हाक". परत ६, हाक १०. म्हणजे सहाला यायचा विचार आहे. दहापर्यंत काळजी करू नकोस. दहाला उठ. आमच्या घरात हे शब्द इतके रुळले होते की शिकवणीला जातानाही आम्ही दारातून ओरडायचो, "परत सात, हाक आठ!"

प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीत बाबांचं अक्षर. खाली निळ्या बॉलपेनाने एकच आकडा, आईचा. ते दारात आले ती वेळ.

आणि चिठ्ठ्यांवर माणसं आहेत. "सोबत काका आणि त्यांचा मेव्हणा." "दादाला नेतोय, खिंडीपर्यंतच." "एकटा. पण ओळखीची वाट." "तिघं पोरं. उशीर धर." वहीत जे नाही ते सगळं इथे आहे. वही ते स्वतःसाठी लिहीत, वाटेसाठी. माणसांचा हिशोब ते घरातून निघण्याआधीच आईच्या हातात देऊन जात.

मी १९९१ शोधली. "सोंड, खिंड, ढोरवाट. सोबत काका. परत १८:००, नक्की. तिचा वाढदिवस. हाक २१." खाली आईचं निळं १८:४०.

चाळीस मिनिटं उशीर. मला आठवत होतं ते "बाबा आलेच नाहीत". मुलं घरी गेली होती आणि मी रुसून आत बसले होते, असं आई म्हणते. ते बूट न काढता माझ्या दाराशी उभे होते म्हणे. मला ते आठवत नाही. चिठ्ठीवर मात्र वेळ आहे.

९ मार्च

चिठ्ठ्या तारेतून काढल्या. क्रम मोडला नाही: काढताना प्रत्येकीचा फोटो, मागे पेन्सिलीत बारीक क्रमांक. एकूण सहाशे अठरा. भोकांभोवती गंज उतरलाय, कागद तिथे तपकिरी आणि ठिसूळ. पुसून जाणार नाही, वाढू द्यायचा नाही एवढंच हातात आहे, म्हणून लोखंड आता कागदाजवळ नको. दादाच्या मनात लॅमिनेशन होतं. नाही म्हटलं. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत काढता येत नाही. पीव्हीसीचे पारदर्शक खिसेही नकोत, त्यातून निघणारी रसायनं कागदाला आणि अक्षराला लागतात. पॉलिस्टरचे खिसे आणि आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची पेटी आणली.

पहिल्या तारेच्या सगळ्यात वरच्या चिठ्ठ्यांवर खिडकीचं ऊन पडत असणार. तिथे आईचे निळे आकडे पुसट झालेत, बाबांची पेन्सिल तशीच. त्या आधी स्कॅन केल्या.

संध्याकाळी दादाने वह्या आणि चिठ्ठ्या एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवायला घेतल्या. परतीची वेळ बाबा कशी काढत, ते १९७७च्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडलं. नेस्मिथचा नियम. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. आज तो साधारण असा सांगतात: दर पाच किलोमीटरला एक तास, दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक तास. त्याखाली बाबांनी आपली भर घातलीय. "ओली वाट: सव्वापट. पोरं: दीडपट." आणि वेगळ्या दिवशी, पेन्सिलीचं टोक वेगळं: "पोरं" वर रेघ, शेजारी "मोठा सव्वापट, मधली दीडपट, धाकटी मोजू नये."

धाकटीने ते पान आपल्या फोनवर ठेवलंय.

१६ मार्च

आत्याशी फोनवर बोलणं. वह्या १९७१पासून, चिठ्ठ्या १९७६पासून. मधली पाच वर्षं का नाहीत? "तेव्हा लग्न कुठे झालं होतं," आत्या म्हणाली. मग थांबून, "मी होते की घरात. मला कधी दिली नाही त्याने चिठ्ठी." मी तिला सहा प्रतींतली एक तिचीच असल्याचं सांगितलं. ती विषय बदलून तब्येतीवर आली.

२३ मार्च

आईची मुलाखत. रेकॉर्डर समोर ठेवला की ती "काय सांगू" म्हणते, म्हणून तो बाजूला ठेवला आणि तिला चिठ्ठ्या लावायच्या कामाला घेतलं. हात कामात असले की ती बोलते.

सहाशे अठरांपैकी एकाच चिठ्ठीखाली निळा आकडा नाही. १९८७ची. "नदीपलीकडची टेकडं. सोबत काका, एक नवा मुलगा. परत ६, हाक १०." खाली कोरं.

मी विचारलं. तिने ती चिठ्ठी हातात घेतली, परत ठेवली आणि सांगायला लागली. मी तेव्हा सहा वर्षांची होते, मला नुसता त्या रात्रीचा दिवा आठवतो. आईचं बोलणं जमेल तसं इथे उतरवते.

"दुपारपासून वरच्या बाजूला आभाळ भरलेलं. सहा वाजले, सात वाजले. मला तेव्हा भीती नव्हती, कारण दहापर्यंत घाबरायचं नाही हे ठरलेलं. तुम्हाला झोपवलं. नऊनंतर बसवेना. मग उभी राहिले. दाराशी नाही, दाराशी उभं राहिलं की प्रत्येक आवाज त्यांचाच वाटतो. घड्याळाखाली उभी राहिले. साडेनऊला शेजारी आल्या, म्हणाल्या, आत्ताच फोन करू या का. मी म्हटलं, नाही, दहा. दहाच्या आधी हाक दिली तर पुढच्या वेळी त्यांच्या चिठ्ठीला अर्थ राहत नाही. आणि दहानंतर पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही, नाहीतर माझ्या थांबण्याला अर्थ राहत नाही. दहाचा ठोका पडला तशी चपला घातल्या. फोन शेजारी होता. यांच्या मंडळींना सांगितलं, कुठली नदी, कुठली टेकडी, किती माणसं, सगळं चिठ्ठीवरून वाचून. ते म्हणाले, रात्री वाढत्या पाण्यापाशी आम्हीही उतरणार नाही वहिनी, फटफटलं की निघतो. बरोबरच होतं. मग घरी आले आणि बसून राहिले."

आणि वेळ का नाही लिहिली?

"दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं. घड्याळाकडे बघायचं राहून गेलं. नंतर अंदाजे घालता आली असती. पण अंदाजे कशाला घालायची."

६ एप्रिल

त्या रात्रीची वही काढली. ओली होऊन वाळलेली, पानं फुगलेली. अक्षर वाचता येतं.

"१६:१० नदी. सकाळी घोट्यावर होती, आता गुडघ्याच्या वर, गढूळ, काटक्या वाहतायत. थांबलो. काठाला दगड लावले १ ते ५. १६:४० क्र. १ बुडाला. १७:३० क्र. २. १८:१५ क्र. ३. काठ सोडून वर. १९:५० क्र. ४, बॅटरीने पाहिला. २१:०० दिसत नाही. आवाज वाढतोय.

२२:०० हाक.

००:१५ पाऊस थांबला. ०३:३० आवाज उतरला. ०५:४५ क्र. ३ मोकळा. ०८:०० क्र. १ मोकळा. ०९:२० ओलांडली."

एकतीस वह्यांत हा एकच शब्द असा आहे जो वाटेबद्दल नाही. दहा वाजता नदीकाठी काहीच घडलं नव्हतं. घडलं ते घरी.

मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि दादाला बोलावलं. तो उभ्याउभ्या वाचून गॅलरीत गेला.

२७ एप्रिल

काकांकडे. वय झालंय, पण त्या दिवसाचं सगळं लख्ख. नव्या मुलाला घरी पोचायची घाई होती, तो म्हणत होता दोर बांधून जाऊ या. बाबांनी दोर सॅकमधून काढूच दिला नाही. वाहत्या पाण्यात माणूस दोराला बांधलेला असला आणि पाय सुटला, तर दोर त्याला बाहेर काढत नाही, पाण्याखाली धरून ठेवतो. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, डोळ्यांना तसा दिसत नाही. "तुझा बाप मला म्हणाला," काका सांगत होते, "घरी दहा वाजता कळणारच आहे, मग आत्ता कशाला मरायचं?" थोड्या वेळाने म्हणाले, "चिठ्ठी नसती ना, तर मीसुद्धा उतरलो असतो. बायको वाट बघत असेल म्हणूनच."

हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं. मला चिठ्ठी आईच्या काळजीसाठी वाटायची. ती त्यांना थांबता यावं म्हणून होती.

१८ मे

कॅसेट. चौदांपैकी अकरा वाजतात. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर संगणकात उतरवतोय. आधी प्लेअरच्या टेप वाचणाऱ्या हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी जुळवायचा, नाहीतर वरचे सूर बुजतात आणि पक्ष्यांचं रेकॉर्डिंग असेल तर सगळं त्यातच असतं. पुन्हा पुन्हा वाजवायच्या नाहीत.

बहुतेक पहाटेचे पक्षी, लांबचा धबधबा, वारा. सातव्या कॅसेटवर शेवटी बाबा आम्हाला मोजतायत. "एक... दोन... आणि?" आणि धाकटी, अगदी बारीक, खूप मागून: "येतेय ना मी!"

१५ जून

पक्ष्यांच्या याद्या दादाच्या मुलाकडे आणि धाकटीकडे दिल्या. १९७८पासूनच्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान केंद्राने २००२मध्ये सुरू केलेल्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांच्या याद्याही भरता येतात. किती वेळ पाहिलं, किती चाललो हे ठाऊक नसलं तरी ऐतिहासिक नोंद म्हणून घेतात. घरट्यांच्या जागा बाबांनी कुठेच लिहिलेल्या नाहीत, नुसतं "घरटं पाहिलं". मुलगा विचारत होता, का? ज्याच्या हाती वही पडेल तो चांगला असेलच असं नाही, म्हणून.

२० जुलै

पुस्तकाची मांडणी, आणि वाद. माझं म्हणणं: डाव्या पानावर वही, उजव्यावर त्याच दिवसाची चिठ्ठी, आईच्या आकड्यासकट. दादाचं म्हणणं: पुस्तक बाबांचं आहे, निवडक चिठ्ठ्या शेवटी परिशिष्टात येऊ देत. वाद वाढला. तो म्हणाला, तू सगळं आईकडून बघायला लागलीस. मी म्हटलं, आणि तू अजूनही सॅकच्या मागून चालतोयस. हे बोलायला नको होतं. तो सगळ्यात जास्त त्यांच्याबरोबर चालला आहे.

आईला विचारलं तर ती दादाच्याच बाजूची. "माझे काय, नुसते आकडे."

धाकटीने तोडगा काढला. तोडगा नव्हेच, तिने नुसती १९८७ची दोन्ही पानं छापून समोरासमोर ठेवली. डावीकडे "२२:०० हाक". उजवीकडे खाली कोरी जागा. दादाने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "सगळं पुस्तक असंच करू."

चार नंबरच्या ट्रेमधली स्लाइड फिकीच छापायची. हेही आज ठरलं.

२४ ऑगस्ट

शेवटच्या तारेचा शेवट इतके दिवस मी टाळत होते. वह्या २०२२ला थांबतात, हृदय थकल्यावर डोंगर बंद झाला तेव्हा. चिठ्ठ्या थांबत नाहीत.

"कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत. एकटा. परत ७:३०, हाक ७:५०." खाली ७:२६.

"फाटकापर्यंत. परत ११:१५, हाक ११:३०." खाली ११:१२.

अक्षर कापरं, पण घडण तीच. अशा त्रेचाळीस आहेत. मी आईला म्हटलं, फाटक तर दारातून दिसतं, चिठ्ठी कशाला?

"दिसायचे ना. मी बघतच असायची. पण ते लिहून द्यायचे, मग मी घ्यायची." आणि मग, "शेवटी शेवटी परत यायला नेहमी वेळेआधीच. पूर्वी कधी आले नाहीत."

१२ ऑक्टोबर

सहा प्रती आल्या. काकांना आणि आत्याला नेऊन दिल्या. आत्याने १९७६चं पान काढलं, पहिल्या चिठ्ठीचं, आणि तिथेच दोराचा तुकडा खूण म्हणून घातला. आईने पुस्तक चाळून कपाटात ठेवलं. रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता.

मूळ कागदांची पेटी अंधाऱ्या, कोरड्या खणात. होकायंत्र वेगळ्या खोलीत.

१६ नोव्हेंबर

दादा, त्याचा मुलगा आणि मी. सोंड, खिंड, ढोरवाट. निघण्याआधी मी चिठ्ठी लिहून आईला दिली. परत ६, हाक १०.

तिने चष्मा लावून वाचली. "दहा? दिवस लहान झालाय आता. आठ कर."

मी पेन्सिल उलटी धरली.

"खोडू नकोस. रेघ मार."

दहावर रेघ मारली, शेजारी आठ लिहिलं. तिने चिठ्ठी दाराच्या कडीत खोचली आणि निळं पेन आहे का ते बघायला आत गेली.

परत १७:३५.